टूथपेस्ट कुठली तपासायची?
ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला. लगेच अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या पिशव्यांतली टूथपेस्टसुद्धा काढून घेऊ लागले. दुकानातल्या टूथपेस्टची मात्र कुणाला भीती वाटली नाही. जून २००७ मध्ये चीनहून आलेल्या काही टूथपेस्टमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. हा द्रव ग्लिसरिनसारखाच रंगहीन, दाट, गोड, शिवाय स्वस्त. पोटात गेला तर मूत्रपिंडे निकामी करतो. टूथपेस्ट आपण थुंकतो, हे नशीबच! पण २००६ सालीच पनामात तो खोकल्याच्या औषधात गेला आणि शंभरावर माणसे दगावली. पिंपांवर लेबल ग्लिसरिनचे होते. चवीने फरक कळत नाही, क्रोमॅटोग्राफीने कळतो. चीनहून स्पेनमार्गे पनामापर्यंत ती चाचणी कुणी केलीच नव्हती.