खेळात कोणाला घेतात आणि कोणाला घेत नाहीत



खेळ सर्वांना आवडतो. मधल्या सुट्टीची घंटा झाली की आपण खिचडी खातो, ताट धुतो आणि मैदानात पळतो. पण मैदानात पळणारे सगळेच खेळतात असे नाही. काही मुले लिंबाच्या झाडाखाली बसतात. त्यांना विचारले तर म्हणतात, "मला नाही खेळायचं." हे नेहमी खरे नसते. बाईंनी भित्तिपत्रकासाठी खेळावर लेख लिहायला सांगितला, म्हणून मी आठ दिवस खेळता खेळता नीट पाहिले.

राज्य कोणावर, हे ठरवायला आपण सुटतो. तिघेजण एकदम हात टाकतात. कोणाचा तळवा वर, कोणाचा खाली. ज्याचा हात वेगळा पडला तो सुटला. शेवटी राहील त्याच्यावर राज्य. यात कोणाचा वशिला चालत नाही म्हणून भांडण कमी होते. (काहीजण मुद्दाम उशिरा हात टाकतात, ते सर्वांना माहीत आहे.)

भिडू घ्यायच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत दोन मुख्य भिडू एकेकाचे नाव घेतात. जोरात पळणारा आधी जातो. शेवटी जो उरतो तो रोज तोच असतो. त्याला घेताना "बरं, ये" असे म्हणतात. दुसरी रीत जुनी आहे, माझ्या आजीला पण माहीत आहे. सारख्या ताकदीची दोन मुले गळ्यात हात घालून लांब जातात आणि गुपचूप नावे ठेवतात. मग येऊन विचारतात, "कोणाला पाहिजे आंबा, कोणाला पाहिजे चिंच?" मुख्य भिडूला आंबा कोण ते ठाऊक नसते. त्यामुळे शेवटी उरल्याचे कोणाला वाईट वाटत नाही. पण ज्याला जोडीदारच मिळाला नाही तो इथेही बाहेर राहतो.

लहान लेकरांना आपण लिंबूटिंबू करतो. ते पळतात, पण आऊट झाले तरी आऊट धरत नाहीत. माझी बहीण अंगणवाडीत आहे. ती आधी फार खूश होती. मग एक दिवस तिला कळले की आपल्याला कोणी धरायलाच येत नाही. तेव्हा ती रडली आणि म्हणाली, "मला पण आऊट करा." आम्ही तिला आऊट केले. मग ती गप्प बसली.

कधी कधी गणितामुळे मूल बाहेर राहते. खो-खोत एका बाजूला ९ खेळाडू. ८ बसतात आणि १ पाठलाग करतो. सोमवारी आम्ही १९ जण होतो. ९ आणि ९ अठरा, एक उरला. उरलेल्याला गुण लिहायला बसवतात. मोठ्या सामन्यात राखीव खेळाडूला आत घेतात, पण आमच्यात मैदानातला कोणी उठतच नाही. लगोरीत मात्र सात ठिकऱ्या आणि एक चेंडू असला की झाले, मुले कितीही चालतात. एक जास्त झाला तरी काही बिघडत नाही. तरी लगोरीतसुद्धा "भिडू झाले" म्हणतात. तेव्हा माझ्या ध्यानात आले की आकडा हे नेहमी खरे कारण नसते.

काही घरांत सांगतात, त्या आळीतल्या पोरांत खेळू नको. कोणत्या घरात, ते मी लिहीत नाही. पूर्वी मोठ्या माणसांतही असे होते. बाईंनी आम्हांला बाळू पालवणकर यांची गोष्ट सांगितली. ते आधी पुण्याच्या क्लबात क्रिकेटचे मैदान तयार करण्याचे काम करत. डाव्या हाताने ते इतकी चांगली गोलंदाजी करत की त्यांना हिंदू संघात घ्यावे लागले. १९०६ साली मुंबईत त्या संघाने युरोपियन संघाला हरवले. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण पुण्यात चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत, कारण ते चर्मकार समाजाचे होते. त्यांना कधी कप्तान केले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल मात्र १९२३ साली कप्तान झाले. म्हणजे मैदानात घेतले तरी पूर्ण घेतले असे होत नाही.

आता माझे सांगतो. आपल्या अंबड तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दुसरीत असताना मी पण आई-बापूंसोबत गेलो होतो. कारखान्याजवळ कोप्या होत्या. तिथे आम्ही वाढ्यांच्या ढिगावर उड्या मारायचो. तिथे कोणी कोणाला नाही म्हणत नव्हते, कारण मुलेच पाच होती.

पाडवा झाल्यावर परत आलो. खो-खोत माझ्या जागेवर दुसरा बसला होता. मला म्हणले, "तू तर पुन्हा जाणारच, तुला घेऊन काय करू?" मी घरी जाऊन आजीला पोट दुखायलंय म्हणून सांगितले.

आता मी आजीजवळच राहतो. यंदा लगोरीचे भिडू मी घेत होतो. एक मुलगा आदल्या दिवशीच कारखान्यावरून आला होता. तो म्हणाला, "मला घे की रे." मी म्हणालो, "भिडू झाले." खरे तर माझ्याकडे पाचच होते. आमच्यातला एकजण म्हणाला होता की त्याला नवे नियम येत नाहीत, म्हणून मी तसे म्हणालो. तो काही बोलला नाही. झाडाखाली जाऊन काडीने माती उकरत बसला. माझे लक्ष तिकडेच जात होते. मी दोनदा आऊट झालो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावले. तो म्हणाला, "मला नाही खेळायचं." तिसऱ्या दिवशी मी परत गेलो. त्याने विचारले, "लिंबूटिंबू करशील का?" मी म्हणालो, "नाही, पक्का भिडू." मग तो उठला, पण म्हणाला, पहिला नेम माझा. मी चेंडू त्याच्या हातात दिला. दोन नेम हुकले. तिसऱ्याला सगळ्या ठिकऱ्या पडल्या आणि आम्ही पळालो.