तळपायावरचा डाग आणि सातवा महिना

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. तळपायावरचा काळा डाग दोन महिन्यांत पसरलाय. शेजारणी म्हणतात, वांग असेल, बाळंतपणानंतर जाईल. तिची आई म्हणते, कॅन्सर असला तर गरोदरपणात झपाट्यानं बळावतो. खरं कोणाचं?
– एक सासूबाई, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शेजारणींचं तर अजिबात नाही. वांग गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर येतात, तळपायावर नाही. रंगपेशींचा कॅन्सर, म्हणजे मेलानोमा, आपल्याकडे कमीच. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली. कुरूप समजून त्यावर पट्ट्या चिकटवण्यात महिने जातात.

विहीणबाईंची भीती मात्र डॉक्टरांकडूनच आलेली आहे. 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या पॅक आणि शार्नागेल यांनी गरोदर स्त्रियांना हा आजार फार वाईट जातो असं लिहिलं, तेही मोजक्या रुग्णांवरून. 2004 मध्ये स्वीडनच्या नोंदी तपासल्या गेल्या : गरोदरपणात मेलानोमा निघालेल्या 185 जणी आणि त्याच वयाच्या पाच हजारांवर इतर रुग्ण. जगण्यात ठळक फरक दिसला नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडहून उलटा निष्कर्ष आला, पण त्यातल्या गरोदर रुग्ण थोड्या, त्यामुळे वाद झाला. मला स्वीडनचं पारडं जड वाटतं.

डाव ठरतो तो गाठीच्या खोलीवर, आणि ती मिलिमीटरात मोजतात. ‘आता पोटुशी आहे, नंतर बघू’ म्हणताना हीच खोली वाढते.

तेव्हा याच आठवड्यात घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा, पायाची मेंदी त्याआधी नको. संशय आला तर तुकडा काढून तपासतात. जागा बधिर करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन गरोदरपणात चालतं. कॅन्सर निघालाच तर आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. डाग भोवतालच्या कातडीसकट काढण्याची शस्त्रक्रिया बाळंतपणापर्यंत सहसा थांबवत नाहीत. आजार पसरलेला असेल तरच औषधांचा पेच पडतो, कारण इम्युनोथेरपीसारखे उपचार पोटातल्या बाळाला सोसतीलच असं नाही. निदान मेलानोमाचं झालं, तर बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे वार टाकून न देता तपासणीला जाईल. हा कॅन्सर क्वचित वारेत उतरतो. बाळापर्यंत पोचणं त्याहून दुर्मिळ.