पितळेची घागर

मुलांनो, वैनगंगेच्या तीरावरील भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तांबे आणि जस्त एकत्र वितळवले की पितळ तयार होते. पितळेच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देत देत कारागीर त्याची घागर, गुंड किंवा परात घडवीत असे. एक ठोका चुकला, तर भांड्याला पोचा येई. ही विद्या पुस्तकातली नव्हे. ती वडिलांकडून मुलाकडे येत असे.

१९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद तयार केले. स्वातंत्र्यानंतर त्याची भांडी आपल्याकडे घरोघरी आली. त्यांना कल्हई लागेना, चिंचेने घासावेही लागेना. शिवाय यंत्र ती झटपट घडवी. गृहिणींचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण कासारांच्या हातोड्या मंदावल्या. नवे यंत्र घ्यावे, तर भांडवल नाही. जुनेच काम करावे, तर गिऱ्हाईक नाही. अशा पेचात अनेकांना घराण्याचा धंदा सोडावा लागला.

सुधारणा थांबवता येत नाही, थांबवूही नये. परंतु तिचा लाभ सर्वांना मिळतो आणि तिची किंमत मात्र थोड्यांना मोजावी लागते. म्हणून अशा कुशल हातांना नवे शिक्षण, भांडवल व बाजारपेठ मिळवून देणे, हे समाजाचे कर्तव्य ठरते. फुटकी घागर वितळवून नवी करता येते. लोपलेले कौशल्य मात्र मुशीत घालून परत मिळत नाही.