यामानोते : टोकियोचा कंकणाकृती लोहमार्ग

टोकियोच्या लोहमार्गांचा नकाशा उघडला की पहिली नजर जाते ती एका हिरव्या रेघेकडे. ही रेघ कोठे सुरू होत नाही आणि कोठे संपतही नाही. हातात घेऊन दोन्ही बाजूंनी दाबलेल्या कंकणासारखी ती उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि सम्राटाचा राजवाडा तिच्या पोटात आहे. हाच यामानोते मार्ग होय. त्याची लांबी ३४.५ किलोमीटर, स्थानके ३०, आणि एका पूर्ण फेरीस लागणारा वेळ तासाभराहून किंचित अधिक. टोकियो, उएनो, इकेबुकुरो, शिंजुकू, शिबुया, शिनागावा ही शहरातील सारी मोठी स्थानके या एकाच सूत्रात ओवलेली आहेत. जपानमध्ये गाड्या डाव्या बाजूने धावतात; त्यामुळे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणारी गाडी ती 'बाहेरच्या फेरीची' आणि उलट फिरणारी ती 'आतल्या फेरीची', अशी सुटसुटीत विभागणी तेथे रूढ आहे.

हे वर्तुळ इतके रेखीव दिसते की ते कोणा दूरदर्शी नगररचनाकाराने आखले असावे असा समज सहज होतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. हा मार्ग टोकियोच्या प्रवाशांसाठी बांधलेलाच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कच्चे रेशीम ही जपानची मुख्य निर्यात होती. रेशीम पिके ते उत्तरेकडील गुन्मा परगण्यात आणि परदेशी जहाजांवर चढे ते दक्षिणेकडील योकोहामा बंदरात. योकोहामा ते शिंबाशी हा जपानमधील पहिला लोहमार्ग सरकारने १८७२ साली सुरू केला होता. पुढे 'निप्पोन तेत्सुदो' या खासगी कंपनीने उत्तरेकडून आपला मार्ग उएनोपर्यंत आणला. उएनो आणि शिंबाशी यांच्यामध्ये अंतर राहिले होते जेमतेम पाच-सहा किलोमीटरांचे. पण ते होते व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या दाट वस्तीचे. तेथून रूळ नेणे म्हणजे शेकडो घरे पाडणे. कंपनीला ते परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा शहराला पश्चिमेकडून वळसा घालून, शेते, मळे आणि झाडी यांमधून, अकाबाने ते शिनागावा असा मार्ग काढण्यात आला. १ मार्च १८८५ रोजी तो सुरू झाला तेव्हा मध्ये तीनच स्थानके होती : इताबाशी, शिंजुकू आणि शिबुया. आज जेथे दिव्यांच्या झगमगाटात रात्र उमगत नाही, तेथे त्या काळी मालगाडी थांबे आणि निघून जाई.

कंकणाचा उत्तरेकडील भागही मालासाठीच बांधला गेला. जोबान भागातील दगडी कोळसा योकोहामाकडे विनाविलंब जावा म्हणून १९०३ साली इकेबुकुरो ते ताबाता हा फाटा निघाला. १९०६ मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९०९ च्या डिसेंबरात या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. १९१४ साली टोकियोचे मध्यवर्ती स्थानक उभे राहिले. तरी वर्तुळ अपुरेच होते. कांदा आणि उएनो यांच्यामधील तोच जुना दाट वस्तीचा तुकडा अजून आडवा येत होता. १९१९ पासून गाड्या नाकानोहून टोकियो स्थानकात येत, तेथून दक्षिणेकडे शिनागावाला वळसा घालून, पश्चिम आणि उत्तर बाजू फिरून उएनोला थांबत. हा प्रवास जपानी लिपीतील 'नो' या अक्षराच्या वळणाचा असल्याने लोक त्याला 'नो'-आकाराची फेरी म्हणत. अखेर १ नोव्हेंबर १९२५ रोजी उरलेल्या तुकड्यावर उन्नत मार्ग पुरा झाला आणि कंकणाची दोन्ही टोके जुळली.

नावाची कथाही अशीच वळणाची आहे. 'यामानोते' म्हणजे डोंगराकडची बाजू, उंचवट्यावरची वस्ती. जुन्या एदो नगरीत सामुराईंचे वाडे उंचवट्यावर असत आणि सामान्य जन सखल भागात, म्हणजे 'शितामाची'त, राहत. नाव उंचवट्याचे असले तरी पूर्वेकडील अर्धा मार्ग मात्र त्या सखल भागातूनच जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर, परकीय लष्कराच्या अमलात, नावे रोमन लिपीत लिहिण्याचा हुकूम झाला तेव्हा ते 'यामाते' असे लिहिले गेले. पुढे पाव शतक तसेच चालले आणि १९७१ साली ते दुरुस्त झाले.

वर्तुळ जुळण्याआधी दोन वर्षे, १ सप्टेंबर १९२३ रोजी, कांतो भागात महाभूकंप झाला. एक लाखाहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुतेक भूकंपानंतरच्या आगीत. जे वाचले त्यांच्यापैकी पुष्कळांनी सखल भाग सोडून पश्चिमेकडील मोकळ्या जमिनीवर घरे बांधली. त्यांना शहरात आणण्यासाठी खासगी कंपन्यांचे लोहमार्ग झपाट्याने वाढले. पण शहरातील वाहतूक नगरपालिकेच्या हाती राहावी या धोरणामुळे त्यांना कंकणाच्या आत प्रवेश सहसा मिळेना. त्यांचे रूळ शिंजुकू, शिबुया, इकेबुकुरो येथपर्यंत येत आणि थांबत. लाखो चाकरमानी रोज सकाळी तेथे उतरत आणि यामानोतेच्या गाडीत शिरत.

आजच्या टोकियोचा सारा आकार या एका निर्बंधातून निघाला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. जेथे माणसे गाडी बदलतात तेथे ती थांबतात आणि जेथे थांबतात तेथे खरेदी करतात, हे कंपन्यांनी लवकर ओळखले. १९३४ साली शिबुया स्थानकाला लागून तोयोको हे भव्य विक्रीभांडार उघडले. त्याच वर्षी त्याच स्थानकासमोर हाचिको या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा बसविण्यात आला. या कुत्र्याचा धनी, कृषिशास्त्राचा एक प्राध्यापक, १९२५ साली अकस्मात वारला होता आणि हाचिको पुढे जवळजवळ दहा वर्षे त्याची वाट पाहत स्थानकाशी येत राहिला. जपानी माणसाला ही निष्ठेची कथा वाटते. ती खरी आहेच. पण कामावर गेलेला माणूस संध्याकाळी ठरलेल्या गाडीने परत येतो, या नव्या नागरी दिनक्रमाचीही ती कथा आहे.

महायुद्धानंतर उद्योग वाढले, टोकियोची वस्ती वाढली आणि कंकणावर असह्य भार पडू लागला. १९५५ साली शिंजुकू स्थानकात गर्दीच्या वेळी विद्यार्थ्यांना रोजंदारीवर नेमण्यात आले. प्रवाशांना पाठीमागून ढकलून डब्यात बसविणे आणि दार लागू देणे हे त्यांचे काम. त्यांना 'ओशिया', म्हणजे ढकलणारे, असे नाव पडले. दारात अडकलेल्या जादा प्रवाशाला ओढून बाहेर काढणारेही असत. त्यांची छायाचित्रे मात्र जगभर गेली नाहीत. हिवाळ्यात तर जाड कोटांमुळे प्रत्येक माणूस फुगलेला असे आणि तेवढीच माणसे तेवढ्याच डब्यात मावत नसत. या हिवाळी गर्दीसाठी जपानी भाषेत स्वतंत्र शब्दच आहे.

गर्दी मोजण्याची तेथील सरकारी पद्धत वाचकाने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. प्रत्येकाला बसायला आसन, धरायला टांगते कडे किंवा दांडा मिळाला तर ती शंभर टक्के गर्दी. दीडशे टक्क्यांत वर्तमानपत्र उघडून वाचता येते. एकशेऐंशीला ते घडी घालून कसेबसे वाचावे लागते. दोनशे टक्क्यांत अंगाला अंग भिडते आणि दाब जाणवू लागतो, तरी साप्ताहिक वाचता येते. अडीचशेला गाडी हलेल तसे शरीर कलते आणि हातही हलविता येत नाही. माणसाचे हाल वर्तमानपत्राच्या मापाने मोजणाऱ्या या कोष्टकात विनोद आहे की करुणा, हे सांगणे कठीण. १९७५ साली टोकियो परिसरातील मुख्य मार्गांची सरासरी २२१ टक्के होती. यामानोतेवरील उएनो ते ओकाचिमाची या टप्प्यात तर ती नंतरच्या काळातही अडीचशेच्या वर गेलेली होती.

जपानी गाड्यांच्या वक्तशीरपणाचे कौतुक जगभर होते. तो जन्मजात गुण आहे असे पाहुण्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याची किंमत मोजली गेली आहे, आणि कधी कधी ती प्राणांनी मोजली गेली आहे. १९५१ साली योकोहामातील साकुरागिचो स्थानकापाशी विजेची तार तुटून गाडीने पेट घेतला. युद्धकाळातील काटकसरीच्या रचनेच्या त्या डब्यांच्या खिडक्यांतून माणूस बाहेर पडू शकत नव्हता आणि दारे हाताने कशी उघडावी हे प्रवाशांना ठाऊक नव्हते. शंभरावर माणसे आत जळून मेली. त्यानंतर दार उघडण्याची कळ कोठे आहे हे डब्यात ठळकपणे लिहिले जाऊ लागले. १९६२ मध्ये मिकावाशिमा येथे एकामागून एक तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि १६० माणसे दगावली. तेव्हा धोक्याचा सिग्नल ओलांडणारी गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा राष्ट्रीय रेल्वेने आपल्या सर्व मार्गांवर बसविली; ते काम १९६६ पर्यंत पुरे झाले. यामानोतेवर वेगाचे स्वयंचलित नियंत्रण १९८१ च्या डिसेंबरात आले.

सोशिकपणालाही मर्यादा असते. राष्ट्रीय रेल्वेच्या कामगारांना संपाचा हक्क नव्हता. म्हणून ते नियमांचे अक्षरशः पालन करून गाड्या मंदावीत. २४ एप्रिल १९७३ च्या संध्याकाळी अशाच मंदगती आंदोलनात ताटकळलेल्या प्रवाशांचा तोल सुटला. उएनो, शिंजुकू, शिबुया अशा अनेक स्थानकांत त्यांनी गाड्यांच्या आणि कचेऱ्यांच्या काचा फोडल्या, जाळपोळ केली. ज्या माणसाला रोज दोनशे टक्क्यांत उभे राहावे लागते, तो यंत्र नव्हे हे त्या रात्री दिसले. पुढे १९८७ साली सुमारे ३७ लक्ष कोटी येनांच्या कर्जाखाली दबलेल्या राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होऊन यामानोते मार्ग पूर्व जपान रेल्वे कंपनीकडे आला.

वर्तुळमार्गाची एक अडचण सरळ मार्गाला नसते. सरळ मार्गाच्या शेवटी गाडी थोडी विसावते आणि झालेला उशीर तेथे भरून निघतो. कंकणाला शेवट नाही. प्रत्येक स्थानकात दहा सेकंद अधिक गेले तर ३० स्थानकांत पाच मिनिटे जातात; आणि गर्दीच्या वेळी गाड्या अडीच मिनिटांच्या अंतराने धावत असतील, तर पाच मिनिटे म्हणजे दोन गाड्या. एक गाडी रेंगाळली की पुढल्या फलाटावर अधिक माणसे जमतात, ती चढण्यास अधिक वेळ लागतो आणि गाडी आणखी रेंगाळते. म्हणून तेथे वरकरणी उलटा दिसणारा उपाय करतात : मागची गाडी उशिरा येत असेल तर पुढच्या, वेळेवर असलेल्या गाडीलाही फलाटावर थांबवून ठेवतात. त्यामुळे गाड्यांमधील अंतर सारखे राहते आणि गर्दी सर्वांत वाटली जाते. डब्यातला प्रवासी अर्थातच कुरकुरतो.

सारी कल्पकता या सेकंदांसाठी खर्च झाली आहे. १९८९ मध्ये शिंजुकू आणि शिबुया येथे कर्कश घंटेऐवजी गाडी सुटण्याची छोटी धून वाजू लागली. १९९१ पासून अकरा डब्यांच्या प्रत्येक गाडीत एका डब्याला, नेहमीच्या चारांऐवजी, एका बाजूस सहा दारे देण्यात आली. त्या डब्यातील बाके सकाळी दहापर्यंत घडी करून बंद असत. म्हणजे बसण्याचा प्रश्नच मिटविला होता. २००१ च्या नोव्हेंबरात आलेले 'सुइका' कार्ड फाटकावर टेकविले की पाचवा हिस्सा सेकंदात वाट मोकळी होते.

याच २००१ सालच्या २६ जानेवारीच्या संध्याकाळी शिन-ओकुबो स्थानकात एक मद्यधुंद माणूस रुळांवर पडला. त्याला वाचविण्यासाठी एक कोरियन विद्यार्थी आणि एक जपानी छायाचित्रकार खाली उतरले. गाडी आली आणि तिघेही मरण पावले. साऱ्या जपानला या घटनेने हलविले. फलाटाच्या कडेला गाडीच्या दारांबरोबर उघडणारी दारे असावीत ही मागणी जोर धरू लागली आणि जून २०१० मध्ये यामानोतेवर अशी पहिली दारे एबिसू स्थानकात बसली. त्यात एक पेच होता : सहा दारांचा डबा या नव्या दारांशी जुळत नव्हता. तेव्हा २०११ पर्यंत ते सर्व डबे काढून टाकण्यात आले. वीस वर्षे जे वेळेसाठी केले होते, ते सुरक्षिततेसाठी सोडून दिले. माझ्या मते या मार्गाच्या इतिहासातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय.

भुयारी मार्गांवरून उपनगरी गाड्या थेट कंकणाच्या आत जाऊ लागल्या होत्या. त्याचा आरंभ १९६० सालीच झाला. मार्च २०१५ मध्ये उएनो आणि टोकियो यांना जोडणारा आणखी एक मार्ग उघडला आणि ओकाचिमाचीकडचा तो कुप्रसिद्ध टप्पा बराच हलका झाला. कोविडच्या साथीत, २०२० साली, टोकियो परिसराची सरासरी गर्दी १६३ वरून १०७ टक्क्यांवर आली.

त्याच वर्षीच्या १४ मार्चला ताकानावा गेटवे हे तिसावे स्थानक सुरू झाले. नावासाठी लोकांकडून सूचना मागविल्या होत्या. 'ताकानावा' या साध्या नावास सर्वाधिक, ८,३९८ मते मिळाली. निवडलेल्या नावास ३६. यावरून पुष्कळ थट्टा झाली. पण त्या परिसरात काम चालू असता २०१९ साली जमिनीखाली जे सापडले ते अधिक मोलाचे होते. १८७२ साली लष्कराने आपली जागा देण्याचे नाकारल्यामुळे पहिल्या लोहमार्गाचे रूळ येथे समुद्रात दगडी बांध घालून नेले होते. पुढे समुद्र भरावाने मागे हटला आणि बांध गाडला गेला. तो तसाच्या तसा निघाला. त्याचा काही भाग २०२१ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला. बराच भाग मोजमापे घेऊन, नोंदी करून उचलण्यात आला. त्या जागेवरील उंच इमारती २०२५ पासून लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या आहेत.