शिंप्याची परिभाषा आणि शाळेचा गणवेश

गणवेशाचे गठ्ठे शाळेत येतात, पोचपावतीवर सही होते आणि दोन महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. कोणाच्या सदऱ्याची शिवण उसवते, कोणाची विजार धुतल्यावर आखूड होते, तर कोणाला मुंढ्यात काचते. दोष कापडाचा, मापाचा की शिलाईचा, हे मात्र ठरविता येत नाही. कारण पुरवठ्याच्या आदेशात ‘चांगले कापड, उत्तम शिलाई’ एवढेच लिहिलेले असते.

राज्यात २०२४-२५ मध्ये गणवेशाचे कापड राज्य पातळीवरून पुरवून ते महिला बचत गटांकडून शिवून घेण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. २०२५-२६ पासून ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. साहजिकच शिक्षक, पालक आणि पंचायत सदस्य यांना शिंप्याशी त्याच्याच भाषेत बोलता येणे अगत्याचे झाले आहे.

कापड : पन्हा, उभा धागा आणि उरेब

कापडाच्या रुंदीला पन्हा म्हणतात. दर मीटरच्या भावाची तुलना पन्हा पाहिल्याशिवाय करणे फसवे ठरते. ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर पन्ह्याचे एक मीटर कापड आणि ५८ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर पन्ह्याचे एक मीटर कापड यांत दीडपटीहून अधिक फरक आहे.

कापडाच्या लांबीच्या दिशेने जाणारा तो उभा धागा अथवा ताणा आणि रुंदीच्या दिशेने जाणारा तो आडवा धागा अथवा बाणा. अंगाचे व पाठीचे भाग सामान्यतः उभ्या धाग्यावर बेततात. कापड वाचविण्यासाठी ते वाकडे बेतले, तर धुतल्यावर कपडा पिळवटतो. याउलट, ४५ अंशांत तिरपे कापलेले कापड ताणले जाते. त्याला उरेब म्हणतात. गळा व मुंढा यांच्या गोलाईवर उरेब पट्टीच नीट बसते.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि बहुधा उभ्या धाग्याच्या दिशेने अधिक. ७० सेंटिमीटर लांबीचा फ्रॉक पाच टक्के आटला, तर साडेतीन सेंटिमीटरने आखूड होतो. म्हणून कापड आधी भिजवून, वाळवून मगच बेतावे.

माप : अंगाचे आणि कपड्याचे

अंगाचे माप व कपड्याचे माप ही एक नव्हेत. छाती ६४ सेंटिमीटर असलेल्या मुलाच्या सदऱ्याचा घेरही ६४ ठेवला, तर त्याला फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर करता येणार नाही. श्वास घेता यावा, धावता यावे, यासाठी आठ-दहा सेंटिमीटर सैलपणा धरावा लागतो. मुंढा, म्हणजे बाही जेथे अंगाला जोडली जाते तो भाग, लहान पडला तर छाती सैल असूनही कपडा काचतो. म्हणून आदेशासोबतच्या तक्त्यात कोणते माप अंगाचे व कोणते तयार कपड्याचे, हे स्पष्ट लिहावे.

माया आणि दुमड

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला मराठी शिंपी ‘माया’ म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. सदऱ्याच्या दोन बाजूंच्या शिवणींत पुढच्या व मागच्या भागांच्या मिळून चार कडा येतात. प्रत्येक कडेची माया एक सेंटिमीटर सोडली, तर घेर चार सेंटिमीटरने वाढतो. झग्याच्या अथवा विजारीच्या तळाशी आत वळवून शिवलेली पट्टी म्हणजे दुमड. ती पाच सेंटिमीटर असेल, तर वाढत्या मुलीचा झगा वर्षाच्या मध्यावर उकलून लांब करता येतो.

माया व दुमड राखली, तर प्रत्येक नगामागे थोडे कापड अधिक लागते. म्हणूनच खर्च कमी करताना पहिली कात्री यांवर चालते. वरून पाहता असा गणवेश नीटनेटका दिसतो. परंतु ज्या घरात मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा लागतो, तेथे ही बचत महाग पडते. कपडा उलटा करून पट्टीने माया मोजणे, ही तपासणीची सर्वांत सोपी रीत होय.

टाके आणि काज

सुई कापडातून सरळ पुढे नेत घातलेला लांब टाका म्हणजे धावदोरा. तो तात्पुरता असतो. यंत्राच्या शिवणीला टीप म्हणतात. एका इंचात साधारण दहा-बारा टाके असावेत; विरळ टीप लवकर उसवते. ज्या शिवणींवर ताण येतो, तेथे दुहेरी टीप हवी. कापलेल्या कडेचे सूत निघू नये म्हणून इंटरलॉक करतात. काजाच्या कडा दाट टाक्यांनी बांधलेल्या नसतील, तर बटण टिकूनही काज फाटते.

या परिभाषेत इतिहासही दडलेला आहे. अस्तर, उरेब आणि नाडी ओवण्याचा नेफा हे शब्द फारसीतून आले, काज पोर्तुगिजांकडून आले असे मानतात, तर कॉलर आणि कफ इंग्रजीतून. अनेक भाषांतून आलेले हे शब्द आज खेड्यातील शिंप्याच्याही जिभेवर रुळले आहेत. ते अवघड नाहीत. कागदावर मात्र क्वचित उतरतात.

आदेशात काय असावे

कापडाचा प्रकार व पन्हा, कापड आटवून घेण्याची अट, तयार कपड्याची मापे, बाजूची माया, तळाची दुमड, इंचातील टाके आणि दुहेरी टिपेच्या जागा, ही सात कलमे अर्ध्या पानात मावतात. त्यांनुसार शिवलेला एक नमुना समितीने संमत करून शाळेत जपून ठेवावा. तो तपासणाऱ्यास उपयोगी पडतो, तसाच शिवणाऱ्या भगिनींनाही. कारण अपेक्षा आधी लेखी ठरली असेल, तर त्यांच्या कष्टाचे देयक नंतर मोघम तक्रारीवरून अडविता येत नाही.