सासवण्याचे मूर्तिकार

पोळा आला की आपल्याकडे मातीचे बैल होतात. मुले शेतातली काळी माती आणतात नि बैल करतात. पण ती माती वाळताना आकसते आणि बैल तडकतो. शिंगे तर आधीच गळून पडतात! कुंभाराला हे ठाऊक असते. तो माती निवडून घेतो, चाळतो, मळतो. कोणता जिन्नस कसा वागतो, हे मूर्तिकाराला आधी शिकावे लागते. विनायक पांडुरंग करमरकर यांनी हे जन्मभर शिकून घेतले.

करमरकर १८९१ साली सासवणे गावी जन्मले. हे गाव अलिबागजवळ समुद्राकाठी आहे. घरी गणपती करण्याची रीत होती. त्यामुळे विनायकाचा हात लहानपणीच मातीत बसला. चित्रेही तो काढी. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्याने घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज काढले. आपल्या सिंदखेड राजाच्या जिजाऊंचे पुत्र ते! भिंत रंगवली म्हणून दुसऱ्या कुणी पोराचा कान पिळला असता. पण ऑटो रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरसाहेबांनी ते चित्र पाहिले. त्यांना पोराचा हात कळला. त्यांच्या मदतीने विनायक मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला.

अशा शाळेत आधी कागदावर चित्र काढायला शिकवतात. कागदावर माणसाची एकच बाजू दिसते. मातीत तसे चालत नाही. नाक समोरून बरोबर आले, तरी बाजूने चुकलेले असते. म्हणून विद्यार्थी मूर्तीभोवती फिरत फिरत काम करतो. मोठी मूर्ती असेल तर आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतात. नाही तर ओली माती आपल्याच भाराने खाली बसते.

मातीची मूर्ती टिकत नाही. म्हणून तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतात. प्लास्टर थोड्याच वेळात घट्ट होते, तेव्हा हात चपळ लागतो. पुढे त्या साच्यावरून धातूची मूर्ती ओततात. तांबे आणि कथील मिळून ब्राँझ होते. ते वितळवून ओतायचे म्हणजे जोखमीचे काम. कुठे हवा अडकली तर मूर्तीला भोक पडते नि मेहनत वाया जाते.

करमरकर पुढे विलायतेलाही शिकून आले. मग त्यांनी पुण्यासाठी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला. तो मुंबईच्या माझगाव गोदीत ब्राँझमध्ये ओतला. १९२८ साली तो पुण्याला बसवला. भिंतीवर घोडा काढणाऱ्या पोराने आता खराखुरा उभा घोडा केला होता. तो आजही तेथे आहे.

पण मला विचाराल तर त्यांचे सिमेंटचे काम अधिक नवलाचे. सिमेंट म्हटले की आपल्याला विहिरीचा कठडा आठवतो. करमरकरांनी त्याच सिमेंटच्या मूर्ती केल्या. ब्राँझ महाग, संगमरवर जड. सिमेंट स्वस्त, शिवाय पावसात टिकते. देवादिकांच्या आणि पुढाऱ्यांच्या मूर्ती तर सगळेच करतात. यांनी कोळ्याची पोर केली, गावची माणसे केली. म्हैससुद्धा केली!

१९६७ साली ते वारले. सासवण्याचे त्यांचे घर आता संग्रहालय झाले आहे. अलिबागेकडे जाणे झाले, तर ती म्हैस जरूर पाहून या.