आडनावाची वाट आणि लग्नाची वही

सातारच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या प्रवेश-नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव लिहिले गेले : भिवा रामजी आंबेडकर. वडील रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. हा दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो. इतिहासाचे अध्यापक म्हणून आम्हांला त्या नोंदीत आणखी एक धडा दिसतो. आडनाव बदलल्याने घराणे बदलत नाही. मात्र दोन आडनावांना जोडणारा कागद हरवला, तर नातवाला स्वतःचा पणजोबा परका होतो.

आपल्या वसतिगृहातील मुलांच्या घरी ही अडचण वारंवार येते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे आकुर्डी, भोसरी आणि अलीकडे चाकणपर्यंत कारखाने पसरले. सोलापूर, लातूर, नांदेड, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून आपली माणसे येथे आली. गावच्या शाळेत एक आडनाव, कारखान्याच्या हजेरीपटावर दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे. बारावीनंतर जात पडताळणीची वेळ येते, तेव्हा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख समोर उभी राहते, आणि पुरावा शोधण्यासाठी चिंचवडच्या कुटुंबाला मूळ तालुक्याची वाट धरावी लागते. तेथे कागद सापडतो, पण त्यावरचे आडनाव आपल्यासारखे दिसत नाही. एका अक्षरासाठी मुलाचा प्रवेश टांगणीला लागतो.

हा फरक का पडतो, हे समजून घेतले तर निम्मे काम होते. पुणे जिल्ह्यातील जुने दप्तर मोडी लिपीत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिले जातात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील सरकारी कागद बहुधा उर्दूत. उर्दूत 'ळ' नाही आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. म्हणून 'कांबळे' देवनागरीत परत येताना 'कांबले' होतात. विदर्भात 'जाधव' हेच 'जाधाव', 'जाधाओ' असे दिसते. इंग्रजीतून परत मराठीत येताना 'सोनवणे' यांचे 'सोनावने' होतात. ओव्हाळ, ओहाळ, व्हावळ ही तर कानाने ऐकून लिहिलेल्या एकाच उच्चाराची रूपे असू शकतात. यांत कोणाची लबाडी नसते. लिहिणाऱ्याचा कान आणि लिपीची मर्यादा असते.

त्याहून मागे गेलो, तर पुष्कळदा आडनावच नसते. आपल्या पूर्वजांच्या नावापुढे 'नाक' हा प्रत्यय असे. चाकणपासून फार दूर नसलेल्या कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावर, १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे याच प्रत्ययावरून ओळखू येतात. जुन्या महसुली कागदात 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची पत्नी. आडनाव नसले तरी हे दोन शब्द तीन पिढ्या जोडून देतात. महार वतनाच्या नोंदी, फेरफार, वारसनोंदी आणि जन्ममृत्यूचे जुने कोतवाल बुक ही चार दप्तरे प्रथम पाहावीत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. त्या वेळच्या फेरफारांत वतनदारांच्या वारसांची नावे हमखास तपासावीत.

आता लग्नाच्या नोंदींकडे वळू. स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे आडनाव शेजारी शेजारी उभे राहते, असा कागद बहुधा लग्नाचाच. जुनी लग्ने क्वचितच सरकारी दप्तरी नोंदली गेली. परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध पद्धतीने लागलेल्या विवाहांची प्रमाणपत्रे, भारतीय बौद्ध महासभेच्या शाखांकडील नोंदी, लग्नपत्रिका आणि आहेराची वही अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी आहेत. पत्रिकेत गाव, तालुका, मामा, काका यांची नावे असतात. आहेराच्या वहीत कोणत्या गावाहून कोण भावकी आली, ते रुपयांसह लिहिलेले असते. ही वही म्हणजे आपल्या घराण्याची न छापलेली वंशावळ होय.

याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. पडताळणीत वडिलांकडील रक्तनाते पाहिले जाते. आपली आत्या हे त्यातलेच नाते. तिचा शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या आडनावाचा, आधार कार्ड सासरच्या आडनावाचे. मधला दुवा लग्नाचा कागद. तो नसेल, तर तिचा दाखला घरात असूनही आपला म्हणून सिद्ध करणे कठीण जाते.

शोध आजच्या पिढीपासून मागे न्यावा; पूर्वजापासून पुढे येऊ नये. प्रत्येक कागदावरील आडनाव जसे आहे तसेच टिपून घ्यावे, 'दुरुस्त' करू नये. आडनाव जुळले म्हणजे नाते जुळले असे नव्हे. गायकवाड, जाधव, शिंदे ही आडनावे अनेक जातींत आहेत. गाव, वडिलांचे नाव आणि भावंडांची नावे या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच तो माणूस आपला मानावा. मूळ कागदावर खाडाखोड कधीही करू नये; नावातील बदल शपथपत्राने आणि शासन राजपत्रानेच करावा.

कोणी विचारील, जातिअंताची प्रतिज्ञा केलेल्यांनी जातीची नोंद का शोधावी? प्रश्न रास्त आहे. त्या दप्तरांत आपल्या पणजोबांचे नाव गावकीची कामे सांगण्यासाठी लिहिले गेले, मान देण्यासाठी नव्हे. तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यांच्या वह्यांतूनही आपल्याला फारसे हाती लागणार नाही. देवळाची पायरीच बंद होती. परंतु ज्या नोंदीने माणसाला बांधले, तीच नोंद आज त्याच्या पणतूला महाविद्यालयाचे दार उघडून देते. शिवाय हक्कापलीकडेही एक गोष्ट उरते. बाबासाहेबांच्या आजोबांचे नाव मालोजी होते हे आपली मुले सांगतात. स्वतःच्या पणजीचे माहेर कोणते, हे त्यांना विचारून पाहावे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत एक शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर आई, आजी, पणजी यांची नावे माहेरच्या आडनावासह आणि गावासह लिहावीत. घरातील लग्नपत्रिकांच्या छायाप्रती काढून मूळ प्रती कोरड्या जागी ठेवाव्यात. ज्या वृद्धांना हे सारे मुखोद्गत आहे त्यांच्याजवळ आधी बसावे; तहसील कचेरीत नंतर जाता येईल.